केकच्या बुडाला आबा

वाघोलीच्या हिंमतरावांनी शेत विकून बेकरी टाकली, तेव्हा गावातले लोक हसले होते. हिंमतरावांनी ते मनावर घेतलं नाही. शेताच्या जागी उभ्या राहिलेल्या सोसायट्यांमधली माणसं सकाळी उठून भाकऱ्या थापणार नाहीत, हे त्यांनी बरोबर हेरलं होतं. बायकोच्या नावानं 'मथुरा बेकरी' सुरू झाली आणि चांगली चालली. खारी, टोस्ट, पॅटिस आणि सगळ्यांत जास्त मावा केक. हसणारेही मग संध्याकाळी पिशवी घेऊन यायला लागले.

सगळं गाव हिंमतरावांना आबा म्हणायचं. सून पूर्णिमाही आबाच म्हणायची. ती अमरावतीकडची. लग्नाआधी एका खासगी क्लासात हिशेब शिकवायची, लग्नानंतर बेकरीच्या गल्ल्यावर बसायला लागली. बोलायची कमी, पण जे बोलायची ते ऐकणाऱ्याला घरी गेल्यावर लागायचं.

परवान्याच्या कामासाठी बेकरीतल्या एका माणसानं अन्न सुरक्षेचं प्रशिक्षण घ्यावं, असा निरोप आला. आबांचा मुलगा इंद्रजीत टेम्पो घेऊन दुकानोदुकानी माल टाकायचा, त्याला वेळ नव्हता. कोंडीराम हा जुना कारागीर, तो म्हणाला, भट्टी सोडून मी कुठं जात नाही. शेवटी आबांनी सुनेला सांगितलं, "स्वारगेटला हॉलमध्ये हाय. जेवण फुकट हाय. जेवायचं, सर्टिफिकेट घ्यायचं आन् यायचं."

पूर्णिमा गेली, जेवली आणि सर्टिफिकेट घेऊन आली. घोळ एवढाच झाला, की तिनं तिथलं सगळं ऐकलं.

दुसऱ्याच दिवशी कोंडीरामच्या डोक्यावर टोपी आली. पाण्याच्या टाकीला झाकण आलं. गल्ल्याच्या मागे भिंतीवर एक मोठा बोर्ड लागला, त्यावर स्वच्छतेचे नियम होते आणि खाली तक्रारीसाठी फोन नंबर. आबांनी यातलं काही अडवलं नाही. बोर्ड तर त्यांना आवडलाच, दुकान मोठं वाटतं म्हणाले. गाडी अडली ती कागदावर.

मथुरा बेकरीत केकच्या डब्यांना आतून वर्तमानपत्राचा कागद लावायची पद्धत होती. कागद कापायचा, तेलाचा बोळा फिरवायचा, वर केकचं मिश्रण ओतायचं. पॅटिसही वर्तमानपत्राच्या तुकड्यावरच हातात यायचं.

"आबा, हे बंद करावं लागेल," पूर्णिमा म्हणाली. "छपाईच्या शाईत नको ती रसायनं असतात. पदार्थ गरम आणि तेलकट असला की ती त्यात उतरतात. वर्तमानपत्रात खायचं गुंडाळायचं नाही, असा नियमच आहे. आपण तर त्याच्यात भाजतो. खाण्याच्या पदार्थासाठीच बनवलेला कोरा कागद मिळतो, भट्टीची आच सोसणारा. तो आणू."

"इतकी वर्षं लोकं खात्यात. कोण मेलं का?"

"मेलेली माणसं तक्रार करायला येत नाहीत, आबा."

आबांनी तिच्याकडे पाहिलं. ती खारीचे पुडे लावत होती.

"रद्दी घरची हाय," ते म्हणाले. "घरचं सोडून कागद विकत आणायचा, आन् तो बी फेकून द्यायला?"

विषय तिथे संपला. पुढच्या काही दिवसांत तिनं तो चार वेळा काढला आणि आबांनी चारही वेळा रद्दी घरची असल्याचं सांगितलं.

त्याच सुमारास आबांची एकसष्टी झाली. मित्रमंडळींनी भागातल्या एका साप्ताहिकात अख्खं पान शुभेच्छा छापल्या, म्हणजे छापण्याची कल्पना मित्रमंडळींची होती, बाकी सगळं आबांचं. मधोमध आबांचा मोठा रंगीत फोटो. डोक्याला फेटा, गळ्यात साखळी, हात जोडलेले, मिशीत हसू. भोवताली शुभेच्छुकांचे छोटे छोटे चेहरे, तिकिटांसारखे. आबांनी त्या अंकाचे गठ्ठेच्या गठ्ठे आणले. सोसायट्यांमध्ये वाटले, देवळात ठेवले, दवाखान्यात ठेवले. तरी दोन गठ्ठे उरले. ते बेकरीच्या मागच्या खोलीत मैद्याच्या पोत्यांशेजारी येऊन पडले.

एका सकाळी कोंडीराम कागद मागायला आला. "वहिनी, रद्दी संपली."

पूर्णिमा उठून मागच्या खोलीत गेली. गठ्ठ्याकडे बघत थोडा वेळ उभी राहिली. मग तिनं कात्री घेतली, अर्ध्या किलोच्या केकचा गोल डबा आबांच्या फोटोवर उपडा ठेवला आणि पेन्सिलीनं रेघ मारली. फोटो त्या डब्यात नेमका बसत होता. फेट्याच्या तुऱ्यापासून जोडलेल्या हातांपर्यंत.

"अवो, मालकांचा फोटो हाय त्यो," कोंडीराम म्हणाला.

"केकही मालकांचाच आहे. आणि हा डबा बाहेर विकायचा नाही, आबांसाठी बाजूला ठेवा. फोटोची बाजू वर, बरं का. तोंड केकच्या बाजूला."

तिचा हिशेब सरळ होता. रोज सकाळ-संध्याकाळ आबांचे मित्र बेकरीसमोरच्या बाकावर चहाला जमायचे आणि आबा त्यांना केक कापायचे. आज केक उलटा करून कागद सोलला, की बुडाला स्वतःचंच तोंड दिसेल. शाई उतरते म्हणजे काय होतं ते डोळ्यांनी दिसेल. चारचौघांत थोडं वरमतील, आणि उद्यापासून कोरा कागद. सांगून कळत नाही त्याला दाखवावं, एवढंच तिच्या मनात होतं. थोडी गंमतही होती, नाही असं नाही.

केक झाला. आबांनी तो बाकावर नेला, उलटा केला आणि कागद सोलला.

ते बघतच राहिले. केकच्या बुडावर आबा होते. डावीकडचं उजवीकडे झालेलं, रंग मळकटलेला, पण फेटा, मिशी, जोडलेले हात, सगळं जागच्या जागी. खाली शुभेच्छांची एक ओळ उलट्या अक्षरांत.

बाबुराव हे आबांचे शाळेपासूनचे मित्र. त्यांनी चष्मा लावून वाकून पाहिलं. "हिंमत्या, मशीन कवा आणलंस?"

पूर्णिमा गल्ल्यावरून कान देऊन ऐकत होती.

"मशीन?" आबा म्हणाले.

"शहरात केकवर फोटो छापून देत्यात. लई पैसे घेत्यात. तू वाघोलीत सुरू केलंस व्हय?"

आबांनी एकदा केककडे पाहिलं, एकदा बाबुरावांकडे. मग हळूहळू मिशी पसरली.

"सुरू केलंय," ते म्हणाले.

थोड्या वेळानं ते आत आले ते कोंडीरामला हाका मारतच. "सगळ्या केकला ह्योच कागद लाव. गठ्ठे संपेस्तोवर दुसरा लावायचा न्हाय."

पूर्णिमा गल्ल्यावरून उठली. "आबा, ती शाई आहे. शाई केकमध्ये उतरलीय. तेच तर मी सांगत होते."

"ही साधी शाई न्हाय. रंगीत हाय. हिचे जादा पैसे पडलेत."

"रंगीत असली म्हणून ती खायची होत नाही."

"लोकांच्या घराघरांत माझा फोटो जाईल. पुढं निवडणूक लागली तर?"

आबांच्या मनात निवडणूक आहे, हे पूर्णिमाला तेव्हाच कळलं. ती एवढंच म्हणाली, "मी कागद कापणार नाही." आणि तिनं कापला नाही. मग कोंडीरामनं कापायला घेतला. त्याचा हात भट्टीवर बसलेला, कात्रीवर नाही. कुठे आबांचा एक कान गेला, कुठे अर्धा फेटा. एका केकवर नुसते जोडलेले हात आले, माणूस नाही.

त्या दिवशी आबांनी एक केक घरी नेला आणि बायकोपुढे ठेवला. मथुराबाईंनी तो उलटा केला, बोटाला थुंकी लावून मिशीवरून फिरवलं आणि काळं झालेलं बोट नवऱ्यापुढे धरलं.

"जल्मभर तुमचं तोंड बघतीय," त्या म्हणाल्या. "आता खायलाबी लावता?"

त्यांनी सुरी घेतली, बुडाचा थर कापून काढला आणि तो अंगणात म्हशीपुढे टाकला. म्हशीनं वास घेतला आणि मान फिरवली. आबा उठून आत गेले. गठ्ठ्यांचा हुकूम मात्र त्यांनी मागे घेतला नाही.

बेकरीत पूर्णिमाची पंचाईत झाली. विकायचं तर मनाला पटेना, न विकावं तर सासरे समोर बसलेले. ती केक बांधताना गिऱ्हाइकाला हळूच सांगायला लागली, "बुडाचा थर काढून खा." काहींनी मान डोलावली. काहींनी का ते विचारलंच नाही, कारण पुण्यात दुकानदारानं काही सांगितलं तर ते अपमान म्हणूनच ऐकायची सवय असते.

तिसऱ्या दिवशी मागच्या सोसायटीतल्या एक बाई केकचा खोका घेऊन परत आल्या. आबा तेव्हा जेवायला गेले होते.

"आमच्या मुलाच्या वाढदिवसाला हा केक नेला होता," त्या म्हणाल्या. "मुलं विचारतायत हे आजोबा कोण."

"आमचे सासरे."

"ते केकमध्ये का आहेत?"

"वर्तमानपत्राची शाई उतरलीय," पूर्णिमा म्हणाली. "मी तुमचे पैसे परत देते."

बाईंनी पैसे घेतले, पण त्या हलल्या नाहीत. "पैशांचं नाही. हे बरोबर नाही. याची तक्रार कुठे करतात हो?"

पूर्णिमानं मागे वळून पाहिलं. तिथे भिंत होती आणि भिंतीवर बोर्ड. मग ती थोडी बाजूला सरकली. बाईंनी चष्मा नाकावर खाली घेतला, बोर्ड वाचला, मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढला आणि गेल्या.

त्या आठवड्यात अन्न सुरक्षा अधिकारी वाघोलीत फिरत असल्याची बातमी चहावाल्यानं आणली. मॅडम रस्त्यापलीकडच्या हॉटेलात शिरल्या आहेत, आता इकडे येतील, असं तो म्हणाला. आबांनी भराभर हुकूम सोडले. रद्दी माळ्यावर, गठ्ठे पोत्यांखाली, तयार केकचे कागद सोलून भट्टीत. कोंडीरामनं सगळं केलं. पूर्णिमा म्हणाली, "आबा, केकही आत ठेवू या." आबा म्हणाले, "केक कशापायी? कागद गेला की झालं."

तिनं पुन्हा तोंड उघडलं, पण तेवढ्यात दारात जीप थांबली.

अधिकारी तरुण होत्या. गळ्यातल्या ओळखपत्रावर नाव होतं संस्कृती देवधर. त्यांनी नमस्कार केला, परवाना पाहिला, कोंडीरामची टोपी पाहिली, टाकीचं झाकण उचलून पाहिलं. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

"केकच्या डब्यांना कोणता कागद लावता आपण?" त्यांनी विचारलं.

"कोरा," आबा म्हणाले. "एकदम कोरा."

"वर्तमानपत्र?"

"नाव न्हाय. आमची सून ट्रेनिंग घेऊन आलीय. ती बघा. लई कडक हाय."

देवधर मॅडमनी पूर्णिमाकडे पाहिलं. पूर्णिमानं जमिनीकडे पाहिलं. तिला त्या क्षणी खरंच वाईट वाटत होतं. खोटं बोलणारा माणूस पकडला जावा असं वाटणं वेगळं, आणि तो माणूस आपल्या घरचा असणं वेगळं.

"ठीक आहे," देवधर मॅडम म्हणाल्या आणि वळल्या. त्या जायलाच निघाल्या होत्या. पण आबांना राहवलं नाही. दारात आलेला माणूस तोंड गोड न करता गेला, असं त्यांच्या घरी कधी झालं नव्हतं.

"मॅडम, आमचा मावा केक तरी बघा."

"आबा, खारी द्या," पूर्णिमा घाईनं म्हणाली. "खारी ताजी आहे."

"खारी काय कुणीबी देतं." आबांनी काचेच्या कपाटातून केक काढला आणि तो दोन्ही हातांनी पुढे केला.

"मी ड्युटीवर काही खात नाही," देवधर मॅडम म्हणाल्या. केक मात्र त्यांनी हातात घेतला आणि सवयीनं उलटा केला.



"हे कोण?" त्यांनी विचारलं. हा केक कोंडीरामच्या कात्रीतून नीट सुटलेला होता. दोन्ही कान शाबूत होते.

आबांनी मान वाकडी करून केककडे पाहिलं. "मी," ते म्हणाले.

"छापील कागद वापरत नाही म्हणालात."

"न्हाय वापरत."

"मग आपण इथे कसे आलात?"

आबांनी फेटा नसलेल्या डोक्यावरून हात फिरवला. कोंडीराम भट्टीकडे तोंड करून उभा होता आणि त्याची पाठ हलत होती. पूर्णिमानं ओठ दाताखाली धरले. हसू आणि भीती एकदमच आली होती.

"कुणी लावला ते मी विचारत नाही," देवधर मॅडम म्हणाल्या. "सहीच केलेली दिसतेय."

त्यांनी सुधारणेची नोटीस लिहिली. ठरलेल्या मुदतीत खाद्यपदार्थांसाठीचा कागद आणायचा, त्याचं बिल जपून ठेवायचं, छापील कागद आवारातसुद्धा दिसायला नको. पुन्हा आढळलं तर दंड, आणि परवान्याचाही प्रश्न येईल. तयार असलेले सगळे केक त्यांच्या देखत टाकून द्यायचे. आबांनी नोटीस घेतली आणि सही केली.

मग कोंडीराम एकेक केक पिंपात टाकू लागला. बूड वर करूनच पडत होते मेले. एक आबा पडले, त्यावर दुसरे पडले, एक कान नसलेले, मग नुसते हात. आबा शेजारी उभे राहून बघत होते. शेवटचा केक पडला तेव्हा त्यांनीच पिंपावर झाकण ठेवलं.

"चांगला मावा घातला हुता," ते म्हणाले, आणि हे मात्र खरं होतं.

दुसऱ्या दिवशी इंद्रजीतला सुट्टी देऊन आबांनी टेम्पोची किल्ली स्वतः घेतली आणि पूर्णिमाला शेजारी बसवलं. रविवार पेठेत बोहरी आळीत बेकरीच्या सामानाची दुकानं आहेत, तिथे कागद मिळणार होता. गाडी आळीच्या तोंडाशी लावायला जागा शोधण्यात अर्धी सकाळ गेली.

दुकानदारानं चकचकीत कागदाचा गठ्ठा पुढे टाकला. "बटर पेपर. स्वस्तात देतो."

आबांनी कागद बोटात चोळला. बोट गुळगुळीत झालं. "ह्यो भट्टीत चालंल?"

"चालेल की. सगळे नेतात."

"मेण हाय ह्याला," आबा म्हणाले. पूर्णिमानं त्यांना वाटेत एवढंच सांगितलं होतं, की मेणाचा कागद भट्टीत धूर करतो. "असं कर. आज घरी जाऊन ह्याच्यात केक भाज आन् पोरांना खायला घाल. उद्या मी तुला फोन करतो. तू उचललास, तर घेतो."

दुकानदार आत गेला आणि दुसरा गठ्ठा घेऊन आला. फिकट, कोरा. पाकिटावर खाद्यपदार्थांसाठी असल्याची खूण होती आणि किती उष्णता सोसतो तेही छापलेलं होतं. पूर्णिमानं ते वाचलं. आबांनी तिच्या हातातून घेऊन पुन्हा वाचलं, मोठ्यानं, शेजारच्या दुकानातही ऐकू जाईल असं. बिल मात्र त्यांनी आधी मागितलं.

परतताना येरवड्याच्या सिग्नलला गाडी थांबली. पूर्णिमा कितीतरी वेळ बोलायचं म्हणत होती. शेवटी बोलली.

"आबा, तो पहिला केक. बाकावरचा. त्याचा कागद मी कापला होता. मुद्दाम."

आबा समोर बघत होते. "म्हाइती हाय."

"कधीपासून?"

"त्याच दिशी. कोंडीरामला गोल कापता येतं व्हय? त्यो टोस्ट बी तिरके कापतो."

"मग बोलला का नाहीत?"

सिग्नल सुटला. मागून हॉर्न वाजले. आबांनी गाडी गिअरमध्ये टाकली.

"फोटो बरा आला हुता," ते म्हणाले.

पूर्णिमा खिडकीबाहेर तोंड करून हसली. बोर्डाजवळ आपण बाजूला सरकलो होतो, ते तिनं सांगितलं नाही. एका दिवसात सगळंच सांगायला पाहिजे, असं काही नव्हतं.

कोऱ्या कागदातला पहिला घाणा दुपारी निघाला. कागद अलगद सुटला. बूड सोनेरी, स्वच्छ, त्यावर काहीच नाही. कोंडीराम म्हणाला, "लई उघडं उघडं दिसतंय." संध्याकाळी मित्रमंडळी बाकावर जमली. पॅटिस पांढऱ्या कागदावर आलं. बाबुरावांनी कागद उलटा केला, सुलटा केला.

"हिंमत्या, ह्याच्यावर कायच न्हाय. खाताना आता वाचायचं काय?"

"बोर्ड वाच," आबा म्हणाले. "आन् हात धुऊन ये आधी. तिथं तिसऱ्या नंबरला लिवलंय."

बाबुराव कुरकुरत नळाकडे गेले. आबा ते परत येईपर्यंत त्यांचं पॅटिस हातात धरून बसले.